पुरे म्हणण्याचा अधिकार

डोंबिवलीत उष्टावण आता बऱ्याचदा हॉलमध्ये होते. सहा-सात महिन्यांचे बाळ मामाच्या मांडीवर, समोर चांदीची वाटी, सोन्याच्या अंगठीने ओठांना लावलेली खीर. पहिले बोट बाळ कुतूहलाने चाटते. दुसऱ्याला तोंड वाकडे करते. तिसऱ्याला सरळ मान फिरवते. तोवर "आत्याचं राहिलंय, काकूचं राहिलंय" सुरू झालेले असते आणि फिरवलेली मान हळूच पुन्हा सरळ केली जाते. कुणाच्याही मनात प्रेमाशिवाय काही नसते. तरीही तेवढ्या वेळात धर्मशास्त्राने आणि तत्त्वज्ञानाने फार पूर्वी हाताळलेला एक प्रश्न त्या हॉलमध्ये उभा राहिलेला असतो. भरवणाऱ्याचे कर्तव्य कुठे संपते? पोट भरले, हे कोणी ठरवायचे?

हा प्रश्न आज नव्याने विचारायला एक कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे 2015-16 साली, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 1.9 टक्के मुले उंचीच्या मानाने जास्त वजनाची आढळली होती. 2019-21च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण 4.1 टक्के झाले. आकडा अजून लहान दिसतो, पण पाच वर्षांत तो दुपटीच्या वर गेला आहे. घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलात किंवा कल्याणच्या खडकपाडा भागात राहणाऱ्या आजी-आजोबांना तो आकडा ठाऊक नसेल. पण शाळेच्या गणवेशाचे माप दर वर्षी दोन नंबरांनी वाढते आहे, हे त्यांना दिसते.

मराठी घरात अन्नाविषयीचे दोन संस्कार पक्के असतात. एक, अन्न टाकायचे नाही. जेवणाआधीच्या श्लोकात अन्नाला ब्रह्म म्हटले आहे आणि जेवणे म्हणजे नुसते पोट भरणे नसून यज्ञकर्म आहे, असेही सांगितले आहे. दुसरा संस्कार आग्रहाचा. पाहुण्याला दोनदा, तीनदा विचारल्याशिवाय वाढप पूर्ण होत नाही. दोन्ही संस्कार दुष्काळ पाहिलेल्या समाजाने कमावलेले आहेत आणि दोन्ही मोलाचे आहेत. पण बाळाच्या वाटीपाशी ते एकत्र आले की त्यांतून तिसराच नियम तयार होतो: वाटी संपली पाहिजे. चिऊकाऊचा घास संपला की हत्तीचा, हत्तीचा संपला की पोलिसाच्या धाकाचा, आणि अलीकडे मोबाइलवर गाणे लावून, बाळाचे लक्ष नसताना तोंडात सरकवलेला.

परंपरेने हा नियम सांगितलेला नाही. उलट श्राद्धविधीत जेवणाऱ्या ब्राह्मणांना यजमानाने 'तृप्त झालात का' असे विचारायचे असते. त्यांनी 'झालो' म्हटले की विधी पुढे सरकतो. खाणाऱ्याचे उत्तर तिथे अखेरचे असते, वाढणाऱ्याचा अंदाज चालत नाही. देवालाही नैवेद्य दाखवतात, भोवती पाणी फिरवतात आणि हात जोडून थांबतात. पितरांना आणि देवाला जो मान दिला जातो, तो सहा महिन्यांच्या माणसाला का दिला जाऊ नये? त्याला बोलता येत नाही हे खरे. पण तोंड मिटणे, मान वळवणे, जिभेने घास बाहेर ढकलणे, स्तन सोडून झोपी जाणे, ही सगळी उत्तरेच आहेत.

अन्नाच्या दुसऱ्या बाजूविषयीही ही परंपरा गप्प नाही. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाला ब्रह्म म्हटले, आणि तिथेच असेही सांगितले की प्राणी अन्न खातात तसे अन्नही प्राण्यांना खाते. अन्नाची थोरवी गाताना त्याचा धाक सांगायला ऋषी विसरले नाहीत. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग अति खाणाऱ्यालाही साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. चरकसंहितेत ज्या आठ प्रकारच्या देहांना निंद्य म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश दोघेही आहेत, आणि त्या दोघांत चरकाला अधिक काळजी वाटते ती स्थूलाची, कारण त्याच्यावर उपचार करणे जास्त अवघड.

बौद्ध वाङ्मयात याविषयी एक कथा आहे आणि उल्हासनगर, कल्याण, ठाणे या पट्ट्यातल्या विहारांमध्ये ती सांगितली जावी इतकी ती समर्पक आहे. कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याची अवस्था पाहून एक गाथा म्हटली. जो सजग राहून मात्रा ओळखून खातो, त्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो, असा तिचा अर्थ. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना ती आपल्यासमोर म्हणण्यासाठी त्याला मोबदला ठरवून दिला. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला आणि अंगही हलके झाले.

पसेनदीला मात्रेची आठवण करून द्यायला माणूस नेमावा लागला. तान्ह्या बाळाला तो लागत नाही. ही मात्रा ते जन्मतः घेऊन येते, आणि बालपोषणाच्या गेल्या शंभर वर्षांतल्या अभ्यासांचे एक मोठे सूत्र हेच आहे.

1920च्या दशकात क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी नुकतेच दूध सुटू लागलेल्या मुलांसमोर साधे, प्रक्रिया न केलेले पदार्थ मांडून ठेवले आणि परिचारिकांना सांगितले, मुलाने हात पुढे केल्याशिवाय भरवायचे नाही. पुढे शिकागोत हा प्रयोग वाढला. एकूण 15 मुले आणि 34 पदार्थ. एकेका दिवशी मुले चमत्कारिक जेवत, पण महिन्यांचा हिशेब मांडल्यावर सगळी व्यवस्थित वाढलेली दिसली. मात्र डेव्हिसबाईंनी स्वतःच बजावले होते की यातली खुबी पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत साखर आणि मैद्याचे पदार्थ नव्हते. काय द्यायचे ते मोठ्यांनी ठरवायचे, किती खायचे ते मुलाने. कर्तव्य आणि अधिकार यांची इतकी स्वच्छ वाटणी धर्मचर्चेतही क्वचित सापडते.

अंगावर पिणाऱ्या बाळाला हा अधिकार आपोआप मिळतो. किती प्यायले ते आईला दिसत नाही, म्हणून 'अजून थोडे' असा हट्ट ती धरू शकत नाही. बाटलीवर मात्र मिलिलिटरच्या रेघा असतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिले सहा महिने फक्त अंगावर प्यायलेल्या बाळांपैकी 27 टक्के बाळे पुढच्या सहा महिन्यांत बाटली किंवा पेला पूर्ण रिकामा करत होती. अंगावरचे आणि बाटलीचे दोन्ही घेतलेल्यांत हे प्रमाण 54 टक्के होते आणि फक्त बाटलीवर वाढलेल्यांत 68. म्हणजे पोट भरल्याची खूण ओळखायची की भांडे रिकामे झाल्याची, याचे शिक्षण पहिल्या सहा महिन्यांतच सुरू होते.

दुधातही फरक असतो. आईच्या 100 मिलिलिटर दुधात प्रथिने साधारण 1 ग्रॅम, गाईच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. युरोपातल्या पाच देशांत बर्थोल्ड कोलेत्स्को यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीत जास्त प्रथिनांची पावडर प्यायलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी लठ्ठपणाची शक्यता कमी प्रथिनांची पावडर प्यायलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळली. वरच्या दुधावर बाळ लवकर अंग धरते, ही आजीबाईंची पाहणी चुकीची नाही. ते अंग धरणे चांगलेच असते, हा निष्कर्ष मात्र तपासायला हवा.

तो निष्कर्ष कुठून आला, हे समजून घेतल्याशिवाय आजीला दोष देणे अन्यायाचे होईल. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. 1865 साली जन्मलेल्या या मुलीने चौदाव्या वर्षी आपले मूल जन्मानंतर दहा दिवसांत गमावले आणि त्या दुःखातून ती अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेली. 1886 साली तिने पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. तिच्या काळातल्या कुठल्याही घरात बाळाच्या बाळशाकडे पाहताना मनात मरणाचा हिशेब असे. थोडी चरबी असेल तर हगवण, गोवर, ताप यांतून बाळ तरेल. 'गुटगुटीत' हा शब्द आशीर्वाद झाला तो या भीतीपोटी. 2020च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे 16 बाळे वर्षाच्या आत दगावली. एका अर्भकाचा मृत्यूही जास्तच, पण भीतीचा आकार केवढा बदलला आहे! भीती ओसरली, आशीर्वाद तसाच राहिला.

भारतीय बाळाबाबत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मराठी मातीतच सापडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा अभ्यास उभा केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची सुमारे 3.5 किलोची. गावातल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र बरीच टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. दिल्लीत 1,492 तरुणांच्या जन्मापासूनच्या नोंदी तपासून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढचा दुवा दिला. पहिल्या दोन वर्षांत हडकुळी असलेली आणि नंतर बाराव्या वर्षापर्यंत झपाट्याने भरलेली मुले, तिशीच्या आसपास मधुमेहाकडे झुकलेली आढळली.

इथे प्रारब्धाचा प्रश्न येतो. बाळ जन्माला येताना आईची उपासमार, तिची कष्टाची कामे, कदाचित आजीचीही कृशता अंगावर घेऊन येते. त्यात त्याचा काही दोष नसतो. कर्मविचार मानणारी माणसे याला पूर्वसंचित म्हणतील, जीवशास्त्र त्याला गर्भातली जुळवणी म्हणेल. पण प्रारब्ध मानणाऱ्या परंपरेनेही क्रियमाण कर्माला, म्हणजे आत्ता हातात असलेल्या कृतीला, वेगळी जागा ठेवली आहे. बारीक जन्मलेल्या बाळाला घाईने 'भरून काढणे' हे त्या जागेचे भान नसण्याचे लक्षण. संचित सोबत आहे म्हणूनच आजचा घास जपून द्यायला हवा.

बारीक म्हणजे तरी कोणाच्या मापाने? जगभर कित्येक वर्षे वापरलेले वाढीचे तक्ते मुख्यतः बाटलीचे दूध पिणाऱ्या अमेरिकी बाळांच्या वजनांवरून केलेले होते. अंगावर पिणारे बाळ काही महिन्यांनंतर त्या रेषेच्या खाली उतरे, आणि धडधाकट आईला सांगितले जाई की तुझे दूध पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली सहा देशांतल्या स्तनपान करणाऱ्या बाळांवरून नवे तक्ते दिले. त्या सहा ठिकाणांत दिल्लीही आहे. मोजपट्टी बदलल्यावर बाटलीचे दूध पिणारी काही बाळे अचानक 'जास्त' दिसू लागली. आपण कशाला स्वाभाविक मानतो यावर काय चूक ठरते हे अवलंबून असते, हा तत्त्वज्ञानातला जुना मुद्दा दवाखान्याच्या भिंतीवर इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

एवढे वाचून कुणी सगळा भार आईच्या छातीवर टाकायला निघेल, तर त्याला थांबवले पाहिजे. 2016 साली 'लॅन्सेट'ने स्तनपानावरचे जगभरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा स्तनपान आणि जास्त वजनाची कमी शक्यता यांचा संबंध दिसला, पण काटेकोर अभ्यासांपुरते पाहिल्यावर तो बराच सौम्य झाला. बेलारूसमध्ये 17,000हून अधिक माय-लेकरांवर केलेल्या मोठ्या चाचणीत तर स्तनपानाला उत्तेजन दिलेल्या गटातल्या मुलांच्या वजनात साडेअकराव्या वर्षी फरक आढळला नाही. आईचे दूध जंतुसंसर्गापासून वाचवते, त्याचे मोल मोठे आहे. पण लठ्ठपणावरची ती लस नाही. ज्या आईला दूध आले नाही, किंवा जिला नोकरीवर परतावे लागले, तिने पाप केलेले नाही.

मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या मुस्लिम वस्त्यांत पठण होणाऱ्या कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली 233वी आयत या बाबतीत विलक्षण समंजस आहे. पूर्ण मुदत पाजायची असेल तर दोन वर्षे, असे ती सांगते. त्याच वेळी पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी ती पित्यावर टाकते. मुलापायी आईलाही त्रास होऊ नये आणि पित्यालाही. दोघांनी परस्परसंमतीने, सल्लामसलत करून आधी दूध तोडायचे ठरवले तर दोष नाही, दुसऱ्या स्त्रीचे दूध पाजले तरी दोष नाही. बाळाचे पोषण हा आईच्या एकटीच्या त्यागाचा नव्हे, तर घराने वाटून घ्यायच्या जबाबदारीचा विषय आहे, असे इतके नेमके सांगणारे वचन सर्व धर्मांच्या घरांत वाचले जायला हवे.

मराठी मनाने या विषयावर आपली एक कथा जपली आहे, हिरकणीची. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि गडावर दूध विकायला आलेली गवळण तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली. एसटी स्थानकांतल्या स्तनपान कक्षांना तिचे नाव दिले आहे, ते योग्यच. पण कथा ऐकताना आपण तिच्या धाडसावर इतके थांबतो की दरवाजा बंद होता हे विसरतो. डोंबिवली स्थानकावर सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधणाऱ्या, चार-पाच महिन्यांचे बाळ सासूकडे किंवा पाळणाघरात ठेवून निघालेल्या आईसमोर बंद दरवाजे आजही आहेत. 2017च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे झाली, म्हणजे निव्वळ स्तनपानाच्या सहा महिन्यांएवढी. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही कायद्याने बंधनकारक आहे. पण पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, तासांवर पगार घेणारी बाई या कायद्याच्या कक्षेत बहुधा येतच नाही. तिच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात वरचे दूध लागले, तर तो तिचा निर्णय म्हणायचा की व्यवस्थेचा?

सहा महिन्यांनंतर वाटीत काय पडते, तिथे तर आईच्या निवडीला आणखी मोठे प्रतिस्पर्धी आहेत. सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलके, हितकर अन्न सांगितले. काश्यपसंहितेत आधी फळे आणि मग बऱ्याच काळाने धान्य असा क्रम आहे. मऊ वरणभात, नाचणीची पेज, खिमट ही घरातली परंपरा त्याच्याशी सुसंगतच आहे. खिरीचे एक बोट कुणाला लठ्ठ करत नाही. खरी साखर येते ती रोजच्या डब्यातून आणि चहात बुडवलेल्या बिस्किटातून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024च्या आहार मार्गदर्शनात दोन वर्षांपर्यंत वेगळी साखर देऊ नये, असे सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने उघड केले की नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वाढणीमागे सरासरी सुमारे 2.7 ग्रॅम जादा साखर होती, आणि स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच उत्पादनात ती नव्हती. कंपनीने आपण साखर कमी करत आल्याचे सांगितले, आणि पुढे भारतात बिनसाखरेचे प्रकारही आणले. पण एका देशाच्या बाळाला गोडाची सवय नको आणि दुसऱ्या देशाच्या बाळाला चालेल, या भेदाला कुठल्याही नीतिशास्त्रात आधार सापडणार नाही. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा भारतात 1992पासून आहे. त्याच्या मागणीला बळ देणारी 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था 1991 साली वर्ध्यात स्थापन झाली. त्याआधीच, 1989 साली, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. दुसऱ्याच्या बाळासाठी आपले दूध देणे हे अन्नदानातले बहुधा सर्वात मोठे दान. त्याची चर्चा कीर्तनांतून व्हायला हवी.

'पुरे' म्हणण्याच्या अधिकाराविषयी बोलताना एक अट मात्र आपसूक धरली जाते, समोर पुरेसे आहे ही. ठाणे जिल्ह्यातच ती सगळीकडे खरी नाही. 1992-93मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यातले बालमृत्यू राज्यभर गाजले. 2014 साली पालघर वेगळा झाला, पण शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच आहेत. पावसाळा संपला की तिथली कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि तान्ही मुले तिथेच झोळीत वाढतात. ज्या सर्वेक्षणाने राज्यातली 4.1 टक्के मुले जास्त वजनाची दाखवली, त्यानेच 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी दाखवली. या दोन आकड्यांना दोन वेगळ्या वर्गांचे, दोन वेगळ्या वस्त्यांचे समजण्याची सवय आहे. दिल्लीच्या नोंदी आणि पुण्याची खेडी मात्र सांगतात की ते बऱ्याचदा एकाच मुलाच्या आयुष्यातले दोन टप्पे असतात. भट्टीवरच्या मुलाला दुसऱ्या वर्षी पेजेऐवजी हातात मिळतो तो पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, कारण दिवसभर विटा वाहणाऱ्या आईला चूल पेटवायला तेवढी उसंत नसते. काही वर्षांनी कुटुंब शहराच्या कडेला स्थिरावते, मुलगा शाळेत जातो, पोट भरू लागते, आणि वजन वाढायला लागते तेव्हा त्याची उंची वाढण्याचा काळ निघून गेलेला असतो. अंगणवाडीताईच्या वजनकाट्यावर तो तोवर कधीतरी 'कमी'च्या रकान्यात नोंदला गेलेला असतो. 'जास्त'च्या रकान्यात तो येईल, तेव्हा त्याचे वय अंगणवाडीचे राहिलेले नसेल.